लाळ काय सांगते, काय सांगत नाही

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली भेटतात. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी आज लाळेवर बोलणार आहे. शाळेत लाळेबद्दल आपण दोनच गोष्टी शिकलो. एक, तिच्यामुळे भाकरी चावता चावता गोड लागते. दुसरी, व्हरांड्यात थुंकायचं नाही. पहिली गोष्ट विज्ञानाच्या बाईंनी शिकवली, दुसरी शिपाईकाकांनी. त्यापुढचं जे मला गेल्या काही वर्षांत शिकावं लागलं, ते सांगते.

माझ्या भावाचा मुलगा अकोल्याला राहतो. आता १९ वर्षांचा आहे, बी.कॉम. करतो. त्याची परवानगी घेऊन बोलते आहे, नाव मात्र सांगत नाही. तो आठ वर्षांचा असताना अंगावर कारण नसताना निळे-जांभळे डाग उठायला लागले, नाकातून रक्त यायला लागलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट फार कमी. उंची वयाच्या मानाने कमी, एक अंगठा जन्मतः लहान आणि पाठीवर फिकट तपकिरी चट्टे, या गोष्टी घरात सगळ्यांना माहीत होत्या. पण त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे नागपूरच्या एका डॉक्टरांनी ओळखलं. रक्ताचा नमुना मुंबईला गेला. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही आयसीएमआरची संस्था आहे. या आजाराच्या तपासणीत रक्तपेशींना मायटोमायसिन-सी नावाचं रसायन देतात आणि गुणसूत्रं किती तुटतात ते मोजतात. त्याची फार तुटली. आजाराचं नाव फॅन्कोनी अ‍ॅनिमिया. गिडो फॅन्कोनी या स्विस बालरोगतज्ज्ञांनी १९२७ साली तीन भावंडांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला.

आजार काय आहे ते आपल्या दप्तराच्या चेनवरून सांगते. डीएनएचे दोन धागे चेनसारखे असतात. पेशीला नवी पेशी तयार करायची असली की ही चेन उघडावी लागते. कधी कधी दोन्ही बाजूंचे दात एकमेकांना चिकटून बसतात. चिकटवणारे पदार्थ बाहेरून येतात, तसे आपल्या शरीरातही रोज तयार होतात. दारू शरीरात मोडताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे त्यांतलंच एक. अशी अडकलेली चेन सोडवायला पेशीत वीसहून अधिक कारागिरांची एक टोळी असते. त्यातला एक जरी नसला तरी सगळं काम अडतं. फॅन्कोनीच्या मुलांमध्ये जन्मापासून एक कारागीर गैरहजर असतो. मग चेन ओढून-ताणून उघडली जाते, म्हणजेच गुणसूत्र तुटतं आणि भलत्याच जागी जोडलं जातं.

बहुतेक घरांत हा आजार आई आणि वडील दोघांकडूनही एकेक बिघडलेला जनुक आला तरच होतो. आईवडिलांना स्वतःला काही त्रास नसतो, पण प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता असते. माझी वहिनी माझी मामेबहीणच आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करणं ही नवलाची गोष्ट नाही. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच बिघडलेला जनुक असण्याची शक्यता वाढते, एवढंच शास्त्र सांगतं. त्यात कोणाचा गुन्हा नाही, आणि नात्याबाहेरच्या लग्नातही हा आजार होतो. माझा भाऊ वाहक आहे, त्यामुळे मीसुद्धा वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. मेळघाटातल्या सिकलसेलमुळे वाहक हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. हा त्याच जातीचा, पण फार दुर्मीळ आजार.

अकराव्या वर्षी बहिणीचा अस्थिमज्जा जुळला आणि प्रत्यारोपण झालं. रक्त सुधारलं. घरात पेढे वाटले गेले. मग डॉक्टरांनी पुढची गोष्ट सांगितली, आणि तीच आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रत्यारोपणाने मज्जा बदलते, तोंडाची त्वचा बदलत नाही. गाल, जीभ, हिरड्या आणि घसा यांच्या पेशी त्याच जुन्या, कारागीर नसलेल्या. फॅन्कोनीच्या रुग्णांना तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या मानाने शेकडो पट असतो. प्रत्यारोपणानंतर तो आणखी वाढतो. इतरांना पन्नाशी-साठीत गाठणारा रोग या मुलांना विशी-तिशीत गाठतो, आणि तंबाखूला हात न लावता गाठतो. भाच्याने हे ऐकून मला एकच प्रश्न विचारला होता, "आत्या, मी तर सुपारीही खात नाही, मग मलेच काहून?"

या रोगात उशीर परवडत नाही, त्याचं कारण उपचारात आहे. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि सिस्प्लॅटिनसारखी औषधं असे तीन मार्ग असतात. सिस्प्लॅटिनचं कामच डीएनएचे धागे चिकटवून पेशी मारणं हे आहे. आपल्या निरोगी पेशी त्यातून सावरतात, कारण आपली टोळी हजर असते. या मुलांच्या पेशी सावरत नाहीत. किरणोपचारही त्यांना झेपत नाहीत. उरते ती शस्त्रक्रिया, आणि ती गाठ लहान असतानाच उपयोगाची. म्हणून वयाच्या दहाव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी जाणकार डॉक्टरांनी तोंड नीट तपासायचं, डाग दिसला तर त्याहून लवकर, असा दंडक आहे. दारू नाही, तंबाखूचा धूर नाही, अल्कोहोल असलेल्या गुळण्या नाहीत, अनावश्यक एक्स-रे नाहीत. एचपीव्हीची लस मात्र घ्यायची. फॅन्कोनीसारखाच डिस्केराटोसिस कन्जेनिटा म्हणून आणखी एक आनुवंशिक आजार आहे. त्यात नखं बिघडतात, त्वचेवर जाळीदार डाग येतात आणि जिभेवर पांढरा चट्टा उठतो. त्या चट्ट्यावरही असंच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

आता लाळेकडे येते. दिवसभरात आपण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतो. त्यात ९९ टक्के पाणी. उरलेल्या एका टक्क्यात तोंडातून गळालेल्या पेशी, त्यांचे डीएनए-आरएनएचे तुकडे, प्रथिनं, जंतू आणि पांढऱ्या रक्तपेशी असतात. तोंडात कुठे पेशी बिघडू लागल्या, तर त्यांचा कचरा याच पाण्यातून वाहत येणार. नाल्याचं पाणी तपासून वर कोणता कारखाना चालू आहे ते ओळखावं, तसं हे आहे. सुई नाही, टाका नाही, भीती नाही. २००४ साली लॉस एंजेलिसच्या डेव्हिड वाँग यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाचे ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं यांच्या लाळेतल्या आरएनएची तुलना केली. सात खुणा सापडल्या. काही खुणा एकत्र करून पाहिल्यावर १०० पैकी ९१ रुग्ण ओळखता आले, आणि १०० पैकी ९१ निरोगी माणसांना निरोगी म्हणता आलं. तेव्हापासून लाळेतली प्रथिनं, सूक्ष्म आरएनए, जंतू, पी-५३ सारख्या जनुकांतले बदल यांवर जगभर काम चालू आहे.

हे वाचून घरच्यांचा पहिला प्रश्न साहजिक होता, "मग ही चाचणी अमरावतीत कुठे होते?" इथे माझा धंदा उपयोगी पडला. गेली बरीच वर्षं मी मशीनला फरक ओळखायला शिकवण्याचं काम करते. त्यामुळे ९१ टक्के हा आकडा दिसला की मला आपल्या गणिताच्या सरांचा आवाज ऐकू येतो, "शेकडा म्हणजे कशाचा शेकडा, ते आधी लिही!"

सर इथे बसले आहेत, तेव्हा फळ्यावरचं गणित त्यांच्या साक्षीने करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एक लाख लोकांची लाळ तपासली आणि त्यांत खरोखर १०० जणांना लपलेला रोग आहे असं धरू. चाचणी ९१ जणांना पकडेल, ९ जणांना सोडेल. उरलेले ९९,९०० निरोगी. त्यांतल्या ९ टक्क्यांना, म्हणजे ८,९९१ जणांना, ती चुकून रोगी म्हणेल. एकूण ९,०८२ घरांत रडारड, आणि खरे रुग्ण त्यांत ९१. शंभरात एक. आता त्याच चाचणीने जन्मजात धोका असलेल्या १०० तरुणांना तपासू, आणि त्यांत १० जणांच्या तोंडात काही सुरू झालं आहे असं धरू. चाचणी ९ जणांना पकडेल, आणि ९० निरोग्यांपैकी ८ जणांना चुकून बोलावेल. बोलावलेल्या १७ जणांपैकी ९ खरे. शंभरात पन्नासच्या वर.

चाचणी तीच, लाळ तीच, टक्केवारी तीच. फक्त कोणाला विचारलं ते बदललं. म्हणून मला वाटतं, लाळेच्या खुणांची खरी जागा या थोड्या मुलांकडे आहे. गावातल्या चौकात टेबल मांडून सगळ्यांची लाळ गोळा करण्यात नाही. या मुलांकडेही तिचं काम निदान करण्याचं नाही. निदान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. लाळेने एवढंच सांगायचं, की याला सहा महिन्यांची वाट पाहायला लावू नका, या आठवड्यात बोलवा. ती रांग लावून देते.

तेवढं काम तरी ती आज नीट करते का? अजून नाही, आणि अडचणी समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली अडचण अशी की फॅन्कोनीचे रुग्ण फार कमी. हजारो खुणांतून मोजक्या माणसांवर सात खुणा निवडल्या, तर मशीन कधी कधी रोग ओळखायला न शिकता ती माणसंच पाठ करतं. गाईड पाठ करून आलेला विद्यार्थी प्रश्न थोडा फिरवला की अडकतो, तसं. दुसरी अडचण, लाळेतल्या आयएल-८, आयएल-१ बीटा या खुणा कर्करोगात वाढतात, तशा सुजलेल्या हिरड्यांतही वाढतात. तिसरी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या लाळेत पांढऱ्या रक्तपेशी दात्याच्या असतात. माझ्या भाच्याच्या लाळेतला डीएनए काढला तर त्यात त्याची बहीणही सापडेल! मग बिघाड नक्की कोणाच्या डीएनएत शोधायचा, हे आधी वेगळं करावं लागतं.

यातून वाट आहे. अशा मुलाची तुलना जगातल्या सरासरी तोंडाशी करू नये, त्याच्याच मागच्या वर्षीच्या लाळेशी करावी. आमच्या सर्व्हरवर आम्ही हेच करतो. कालपर्यंतची सवय काय होती आणि आज ती का बदलली, एवढंच पाहतो. त्यासाठी मात्र नमुने वर्षानुवर्षं, ठरलेल्या वेळी, दात स्वच्छ असताना, एकाच पद्धतीने घेऊन ठेवले पाहिजेत.

तोवर हाताशी काय आहे? जर्मनीतल्या एका गटाने ७०० हून अधिक फॅन्कोनी रुग्णांच्या तोंडातले डाग लहान ब्रशने घासून, त्या पेशी काचेवर तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था असलेले जवळजवळ सगळे डाग या ब्रशने पकडले. भूल नाही, टाके नाहीत. डोळ्यांनी पाहणं आणि संशय आला तर ब्रश किंवा तुकडा, हा आजचा खरा पहारा आहे. भाचा दर सहा महिन्यांनी खुर्चीत बसतो, आ करतो, आणि डॉक्टर जिभेच्या कडेपासून घशापर्यंत सगळं पाहतात. दोन-तीन मिनिटांचं काम.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हे लाखात एखाद्याचं दुखणं, आमचा काय संबंध? संबंध आपल्या पानठेल्यावर आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली 'नेचर'मध्ये फॅन्कोनी रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गाठींत गुणसूत्रं तुटून भलत्या ठिकाणी जोडली गेली होती. विषाणूमुळे न झालेल्या, तंबाखू-दारूशी जोडलेल्या नेहमीच्या गाठींतही त्याच जातीची मोडतोड दिसते, फक्त कमी प्रमाणात. भाच्याकडे कारागीर जन्मापासून नाही. आपल्याकडे टोळी पूर्ण आहे, पण रोज इतकी मोडतोड पाठवली तर तीही कधी ना कधी कमी पडणार.

खर्रा म्हणजे काय, हे पुण्यात सहकाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. इथे गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणारेही इथे आहेत. त्यांच्यासाठी सांगते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. मागच्या बाकावरचा आपला मित्र, तीन वर्षांपूर्वी गेलेला, तुम्हा सगळ्यांना आठवतो. ठेच्याशिवाय न जेवणारा माणूस शेवटच्या काही वर्षांत वरण-भातावर आला होता. ती वयाची खोड नव्हती, रोगाने आधी पाठवलेली चिठ्ठी होती. आज या सभागृहात कोणाला तिखट झोंबत असेल, तर तीच चिठ्ठी समजा.

२०२० च्या जागतिक नोंदीनुसार त्या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळले आणि ७५ हजार माणसं गेली. हे रोखायला लाळेच्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्रातल्याच १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासून मुंबईच्या फली मेहता यांच्या गटाने १९७२ साली अहवाल दिला होता. पुढे १९९६ मध्ये, आपण दहावीची परीक्षा दिली त्याच वर्षी, केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन तोंड पाहत आणि संशय आला तर पुढे पाठवत. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. सगळी लोकसंख्या एकत्र धरली, तर फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. सर, पुन्हा तेच, कशाचा शेकडा! जिथे धोका आहे तिथे पाहिलं की पाहण्याचं चीज होतं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्यात जे डॉक्टर, दंतवैद्य आणि शिक्षक आहेत त्यांना. एखादं मूल वयाच्या मानाने फार ठेंगणं, अंगठा वेगळा, अंगावर तपकिरी चट्टे, आणि रक्त सतत कमी, असं दिसलं तर या चार गोष्टी एकत्र वाचा. पालकांना मोठ्या रुग्णालयात पाठवा, तो कागद मुंबईपर्यंत पोहोचवा. आणि निदान झालेल्या मुलाच्या तोंडाची तपासणी प्रत्यारोपण झालं म्हणून थांबू देऊ नका. लाळेचे अभ्यास आपल्याकडे होतील तेव्हा अशा घरांनी नमुने द्यावेत, म्हणजे ती चाचणी आपल्या माणसांच्या तोंडावर पारखली जाईल. आम्ही तयार आहोत.

दुसरी, खर्रा, सुपारी, तंबाखू, बिडी, दारू यांतलं काहीही असलेल्या प्रत्येकाला. महिन्यातून एकदा हात धुऊन, आरशासमोर उजेडात तोंड उघडा. गालांची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारं फोड किंवा जखम, कडक लागणारी जागा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांत जातात का ते पाहा. जात नसतील तर इथे दंत महाविद्यालय आहे, इर्विन आहे, अकोल्याला सर्वोपचार आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आणि तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. एवढं सगळं शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत असताना चट्ट्यावर हळद लावून वर्ष काढायचं काही कारण नाही.

आपल्या वर्गातल्या दोघी दंतवैद्य मैत्रिणींनी आज जेवणानंतर जुन्या प्रयोगशाळेत दोन खुर्च्या आणि दोन टॉर्च मांडले आहेत. एका माणसाला तीन मिनिटं लागतात. फी नाही, नाव लिहायचं नाही, रागावणं नाही. जेवणात ठेचा आहे. ज्याला तो झोंबेल, त्याने आधी रांगेत यायचं बाप्पा.